चारही चाकांत तेहतीस

रविवार, १२ मे २०२४. रक्कम बासष्ट हजार रुपये, फोनवरून दिलेली. हजर: मी, माझा नवरा, सासूबाई, धाकटा दीर आणि वालीवमधल्या चाकांच्या दुकानाचा मालक. पैसे दिराने दिले, दुकानदाराने घेतले. गाडी माझी होती.

माझी म्हणजे कागदोपत्री माझी आणि चालवायलाही मीच. वालीवला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब पाहते. गाडी शिकले ती पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि वर्षभराने ही घेतली. नवरा शाळेत शिकवतो. त्याला एका डोळ्याने अगदी कमी दिसतं, म्हणून तो स्टिअरिंगला हात लावत नाही. गेल्या वर्षी सासूबाई वाडीत केळीच्या वाफ्यात घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून त्यांना रिक्षात बसता येत नाही. पायरी उंच, सीट आखूड आणि धक्के फार. त्यांना घराबाहेर पडायचं तर एकच जागा आहे: माझ्या गाडीची मागची सीट, डावी बाजू, कमरेखाली उशी. रविवारची चर्चमधली मिस्सा, आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे, गावातलं कोणाचं मयत, सगळीकडे तसंच. गाडी उभी राहिली की सासूबाई घरात अडकल्या. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

दीर जहाजावर इंजिनरूममध्ये असतो. सहा-सात महिने समुद्रात, दोन-अडीच महिने घरी. आमच्याकडे वसईत जहाजावरून आलेला माणूस रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जात नाही, आणि त्याने आणलेलं कोणी नाकारतही नाही. कोणाला परफ्यूम, कोणाला चॉकलेटं, घरात एखादं यंत्र. आमचा मिक्सर, इस्त्री आणि कधीच न वापरलेलं पाव भाजायचं मशीन, सगळं त्यानेच दिलेलं. नाकारणं म्हणजे तू समुद्रात घालवलेले महिने आम्हाला नकोत, असं तोंडावर सांगणं.

त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर तो म्हणाला, आज गाडी मी चालवतो, वहिनी, तू जरा मागे बस. मला वाटलं, आईला फिरवून आणायचं असेल. गाडी घराकडे न वळता पूल ओलांडून पूर्वेला निघाली आणि वालीवला एका दुकानासमोर थांबली. दारात चार चाके ओळीने मांडलेली, काळी-चंदेरी, आणि प्रत्येकाला लाल रिबन. दुकानदार दिराचा शाळेतला मित्र. त्याने सासूबाईंसाठी हात असलेली खुर्ची आधीच काढून ठेवली होती. थंड पेय आलं.

मी विचारलं, माझ्या चाकांना काय झालंय? दीर हसला. "काही नाही झालं. लहान आहेत."

माझी सोळा इंची होती, ही अठरा. मग सगळ्यांच्या देखत तो मित्राला सांगू लागला की आयचं ऑपरेशन झालं तेव्हा तो कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून बसला होता. उठवणं, बसवणं, आंघोळ, सगळं हिने नोकरी सांभाळून केलं. बोलताना त्याचा आवाज बदलला. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. नवरा जमिनीकडे बघत राहिला. अशा वेळी बाईमाणसाने काय म्हणायचं असतं? मी म्हटलं, छान आहेत रे. माझा होकार तो एवढाच.

एक प्रश्न मात्र मी विचारला. माझ्या गाडीत प्रत्येक टायरच्या आत, व्हॉल्व्हपाशी, एक छोटा सेन्सर असतो. तो आतली हवा मोजून आकडा पुढच्या पडद्यावर पाठवतो. हवा कमी झाली की लाल दिवा लागतो आणि गाडी टुंगटुंग वाजते. रोज सकाळी गाडी सुरू केली की मी ते चार आकडे बघते. तेहतीस असायला हवेत. ते सेन्सर या नव्या चाकांत बसणार का, असं मी विचारलं. मित्र दिराकडे बघू लागला. दीर म्हणाला, "ते आम्ही बघतो. तुला दिवा दिसणार नाही, ही माझी गॅरंटी." आम्हाला आतल्या थंड खोलीत बसवलं आणि तासाभराने गाडी तयार झाली. माझी जुनी चाके दुकानातच राहिली. त्यांचे सोळा हजार धरूनच बासष्टचा आकडा आला होता, हे मला घरी येताना कळलं.

पुढच्या रविवारी दिराने फादरांना गाडीवर पवित्र पाणी शिंपडायला बोलावलं. फादर गमत्ये आहेत. त्यांनी विचारलं, आशीर्वाद नुसता चाकांना की वरच्या गाडीलाही? सगळे हसले. गावात चार दिवस कौतुक चाललं. शेजारचे काका म्हणाले, आता तुला हॉर्नची गरज नाही, लोक बघूनच बाजूला होतील. कारखान्यात पॅकिंगच्या बायकांनी विचारलं, मॅडम, प्रमोशन झालं की लॉटरी लागली?

मी टेप लावून बघितलं. जुन्या टायरची रबराची बाजू पावणेबारा सेंटिमीटर भरायची, नव्याची पावणेदहाही भरेना. दोन सेंटिमीटर रबर गेलं होतं आणि त्या जागी लोखंडासारखं कडक अ‍ॅल्युमिनियम आलं होतं. वसईच्या रस्त्यांवर त्या दोन सेंटिमीटरचं काय मोल असतं, ते मागच्या सीटवर बसणाऱ्याला विचारावं. मी विचारलंही. सासूबाई म्हणाल्या, चांगलं वाटतं, एकदम मोठ्या गाडीसारखं. पण आरशात मला त्यांचा हात दिसायचा. दाराच्या वर धरायला जी मूठ असते, ती त्या पूर्वी कधी धरत नसत. आता घर सोडल्यापासून परत येईपर्यंत सोडत नसत. स्पीडब्रेकर आला की डोळे मिटून घ्यायच्या. व्यायामाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की खुबा पुन्हा दुखतोय, जरा सांभाळून न्या.

आणखीही एक गोष्ट खटकत होती. घर ते कारखाना माझ्या मीटरवर नेहमी बारा पूर्णांक चार किलोमीटर. आता बारा पूर्णांक दोन येऊ लागलं. त्याचा हिशेब लागला, चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. हवेच्या आकड्यांचा मात्र लागेना. पूर्वी उन्हाच्या बाजूची दोन चाके पस्तीस दाखवायची आणि भिंतीच्या सावलीतली तेहतीस. कारखान्यात पोचेपर्यंत पुढची दोन छत्तीसवर जायची, मागची जरा मागे. चार भावंडांसारखी, चौघांच्या चार तऱ्हा. आता रोज सकाळी चारही तेहतीस. ऊन चढलं की चारही चौतीस, मग चारही पस्तीस. उतरायची तीही एकदमच. आमच्या कारखान्यात चार मशिनांचं उत्पादन महिनाभर रोज सारखं लिहून आलं, तर मी सुपरवायझरला बोलावून घेतलं असतं.

मी दिराला विचारलं. तो वाडीत पंपाची मोटर उघडून बसला होता.

"नवीन टायर आहेत, वहिनी. चांगले आहेत म्हणून सारखे."

"चांगले असले तरी ऊन एकाच बाजूला पडतं ना?"

"तुझं असंय, आकडा हलला तरी त्रास, नाही हलला तरी त्रास."

नवरा ओट्यावर पेपर वाचत होता. तो म्हणाला, जाऊ दे, जुलैत हा जाणार आहे, तोवर कशाला. त्याचं बरोबरच होतं. जुलैनंतर काय, हे त्यानेही सांगितलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या व्रतांना पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. ती सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी आहे, भिवंडीच्या बाजूला एका कॉन्व्हेंटमध्ये असते. दोघींची दोन वर्षांत भेट नव्हती. सासूबाईंनी मे महिन्यापासून साडी काढून ठेवली होती. नेमका त्या शनिवारी दीर जहाजाच्या कागदपत्रांसाठी मुंबईला गेला, नवऱ्याची शाळा होती. आम्ही दोघीच सकाळी निघालो. हायवेने चिंचोटीपर्यंत ठीक गेलो, मग कामणच्या रस्त्याला लागलो आणि गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत अडकलो.

तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना वर्णन नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढंच, की पावसाळ्यात त्यावरचं डबकं पाच इंच आहे की पंधरा, हे आत उतरल्याशिवाय कळत नाही. डावं पुढचं चाक अशाच एकात गेलं. आवाज टायरचा नव्हता, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा होता. सासूबाईंनी नुसतं येशूचं नाव घेतलं, "जेजू".

मी पडद्याकडे पाहिलं. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस.

सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, हवा ठीक आहे. आणि आम्ही इंच-इंच पुढे सरकू लागलो. थोड्याच वेळात स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. हात सैल सोडला की गाडी गटाराकडे जायची. हात एक सांगत होते आणि पडदा दुसरंच. गाडीचं बोनेट डावीकडे कललंय असंही वाटलं, पण रस्ताच तिरपा होता, त्यामुळे खात्री करता येईना. उतरून बघावं तर उतरणार कुठे? उजवीकडे कंटेनर इतका जवळ की आरसा मी दुमडून घेतला होता. डावीकडे पाण्याने भरलेलं गटार. पुढे ट्रक, मागे टँकर. दार बोटभर उघडत होतं, माणूस बाहेर पडेल इतकं नाही. मागे सासूबाई पाय हलवायची जागा शोधत होत्या. बसून बसून त्यांचा खुबा धरला होता, आणि त्या तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटत रोझरीचे मणी मोजत होत्या. काच खाली केली की धूर, वर केली की काचेवर वाफ. किती वेळ तसं बसलो ते मी घड्याळात पाहिलं नाही. मी फक्त ते चार आकडे बघत होते. ते इतके व्यवस्थित होते की मला माझ्याच हातांची शंका येऊ लागली.

शेवटी समोरच्या ट्रकचा क्लीनर खाली उतरला, आमच्या गाडीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिला आणि त्याने बोनेटवर थाप मारली. "मॅडम, आगे का लेफ्ट पूरा बैठ गया. रिम पे चल रहे हो."

मी पुन्हा पडदा पाहिला. तेहतीसच.

रांग हलली तेव्हा बसलेल्या चाकावरच गाडी खडखडत एका गोदामाच्या फाटकापर्यंत नेली. वॉचमनने सासूबाईंना खुर्ची दिली आणि पंक्चरवाल्याला फोन केला. तो स्कूटरवर हवेचा छोटा पंप घेऊन आला. चाक बघून म्हणाला, टायर कापला नाही पण रिम वाकली आहे, इथे काही होणार नाही, स्टेपनी काढा. स्टेपनी कंपनीचीच होती, सोळा इंची. डिकीचा तळ उचलला. स्टेपनीच्या पोकळीत, फोममध्ये गुंडाळलेला, करड्या रंगाचा हातभर पाईप होता. आपण घरी पाण्यासाठी वापरतो तसलाच, पण जाड. दोन्ही टोकांना टोप्या चिकटवून बंद केलेला, आणि एका टोपीला टायरला असतो तसा व्हॉल्व्ह. हलवून पाहिला. आत काहीतरी खुळखुळलं.

पंक्चरवाल्याने विचारलं, हे काय, मॅडम? मी हात पुढे केला. त्याची हवा मोजायची पेन्सिल घेतली आणि त्या व्हॉल्व्हला लावली. तेहतीस. मग गाडीची किल्ली फिरवली, दार उघडं ठेवलं, म्हणजे पडदा मला दिसेल, आणि नखाने व्हॉल्व्हची पिन दाबली. हवा सूं करून बाहेर येऊ लागली. पडद्यावर चारही आकडे एकतीस झाले. मग एकोणतीस. मग पंचवीस, आणि लाल दिवा लागून गाडी टुंगटुंग वाजू लागली. आत खुळखुळत होते ते माझेच चार सेन्सर. माझी चार चाके, सेन्सरांच्या मते, त्या पाईपात होती. दीड-दोन महिने मी रोज सकाळी एका बंद नळीची हवा बघून गाडी बाहेर काढत होते आणि मागे सासूबाईंना बसवत होते.

सासूबाई खुर्चीतून सगळं बघत होत्या. यंत्रातलं त्यांना फारसं कळत नाही, पण मुलाचं काम त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "त्याला बोलू नको. त्याची बॅग बांधून झाली आहे."

हे समजावून सांगायला हवं. आमच्या घरात जहाजावर जाणाऱ्याची बॅग एकदा बांधली की त्याला वाकडा शब्द बोलत नाहीत. पैशाचं, जमिनीचं, पोरांच्या मार्कांचं, सगळं भांडण बॅग बांधायच्या आधी किंवा माणूस परत आल्यावर. सासरे होते तेव्हापासून हे चालत आलं आहे आणि मीही ते पाळलं आहे. दिराची बॅग दोन दिवसांपूर्वी बांधली होती, परवाचा सोडून पुढच्या सोमवारी तो निघणार होता. म्हणजे मला बोलायचं तर सहा-सात महिन्यांनी.

मी मग जे केलं ते मला आजही चमत्कारिक वाटतं. त्याच पंक्चरवाल्याकडून मी त्या पाईपात पुन्हा तेहतीस हवा भरून घेतली. लाल दिवा तसाच ठेवला असता तर संध्याकाळी दिराने पाहिला असता आणि विषय निघालाच असता. पाईप फोममध्ये गुंडाळून जागच्या जागी ठेवला, वाकलेलं चाक डिकीत टाकलं, आणि स्टेपनीवर आम्ही हळूहळू घरी परतलो. कॉन्व्हेंटमधली मिस्सा तोवर संपली होती. बहिणीचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की आपलं पोट बिघडलं होतं. दिराला मी सांगितलं की कामणला पंक्चर झालं. तो म्हणाला, त्या रस्त्याचं नावच नको, आणि दुसऱ्या दिवशी रिम सरळ करून आणली. मोठ्या आनंदाने बसवली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानात गेले. माझी जुनी चाके मागच्या भिंतीशी एकावर एक रचलेली दिसली आणि जरा धीर आला. दुकानदार अदबीने बोलला. म्हणाला, विरारचा एक माणूस बघून गेलाय, बावीस हजारांना ठरलं आहे, रविवारी नेणार. परत हवी तर देईन, पण व्यवहार तुमच्या दिराशी झाला, त्याचा एक फोन येऊ दे. मी पाईपाचं विचारलं. त्याला जरा लाज वाटली.

"नव्या रिमला तुमचे सेन्सर बसत नव्हते, ताई. मी म्हटलं, दिवा लागून राहील, राहू दे. तो ऐकेना. म्हणाला, दिवा लागला की वहिनी जेवत नाही."

ते खरं होतं. आदल्या वर्षी तो घरी असताना एक चाक हळूहळू उतरत होतं. दिवा लागला तेव्हा मी ताट तसंच ठेवून दोनदा खाली जाऊन आले होते. त्याने ते लक्षात ठेवलं होतं. मी कारखान्यात परत आले आणि दुपारभर एकही रकाना धड जुळवू शकले नाही. राग यावा तर तो माझ्या काळजीपोटीच वागला होता. गप्प बसावं तर रविवारी चाके विरारला जाणार, आणि तशी चार नवी घ्यायची तर माझ्या दोन पगारांच्या वर. ती नाहीत म्हणजे मागच्या सीटवर सासूबाई मूठ धरून, आणि पुढे मी त्या पाईपावर विश्वास ठेवून. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी सांगू का त्याला?" पण त्याच्याच्याने ते होणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सासूबाईंच्या शब्दाने तोही तेवढाच बांधलेला.

शनिवारी सकाळी दिराला मासे आणायला जायचं होतं. मी म्हटलं, चल, मी सोडते. गाडीपाशी आल्यावर त्याला मागे बसायला सांगितलं, डावीकडे, उशीवर. त्याला गंमत वाटली. म्हणाला, आज मी साहेब वाटतं? मी गावाच्या आतल्या रस्त्याने नेली, जिथे घरागणिक स्पीडब्रेकर आहेत. पहिल्या दोन-तीनवर तो काहीतरी बोलत होता, नंतर त्याचं बोलणं थांबलं. आरशात पाहिलं तर त्याचा हात दाराच्या वरच्या मुठीवर होता.

मिठागराच्या कडेला मी गाडी उभी केली, डिकी उघडली, पाईप काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"कामणला चाक रिमवर आलं होतं, पडद्यावर तेहतीस होते. मागे आय बसली होती."

त्याने पाईप फिरवून व्हॉल्व्हवर अंगठा ठेवला.

"तुझ्या इंजिनरूममध्ये एखाद्या टाकीचा काटा कोणी असा दुसऱ्याच नळीला लावून ठेवला, तर तू काय करशील त्याचं?"

"पुढच्या बंदरावर उतरवतात त्याला," तो म्हणाला. मग पाईप बाजूला ठेवत, "तुला त्रास नको म्हणून केलं होतं गं."

"माहीत आहे मला."

"बॅग बांधल्यावर बोललीस, वहिनी."

"हो. बोलले."

त्याने खिशातून फोन काढला आणि मागच्या सीटवरूनच मित्राला लावला. जुनी चाके कोणाला देऊ नको, उद्या वहिनी येईल, एवढंच बोलला. मी त्याला पुढे येऊन बसायला सांगितलं. तो आला नाही. मासळी बाजारापर्यंत आणि तिथून घरापर्यंत तो त्या उशीवरच बसून राहिला. घरी त्याने आईला पापलेट दाखवलं, भाव किती केला ते सांगितलं आणि बाकी काहीच बोलला नाही. सासूबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. त्या दिवशी त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

रविवारी मी आणि नवरा वालीवला गेलो. दीर आला नाही, बॅगेत काही राहिलंय म्हणाला. दुकानदाराने पाईप कापला, चार सेन्सर बाहेर काढले, पुसले आणि जुन्या चाकांत जागच्या जागी बसवले. सुटलेली अठरा इंची चाके आम्ही टेम्पोने घरी आणून वाडीतल्या खोलीत गोणपाटाखाली ठेवली. दुकानदार विकत घ्यायला तयार होता. पण दिराने दिलेली वस्तू दिरानेच विकली पाहिजे, आणि त्याला तसं विचारायला मला तोंड नव्हतं. ती अजून तिथेच आहेत. खतांची पोती पलीकडे सरकवावी लागली.

सोमवारी पहाटे तो निघाला. सासूबाईंनी त्याच्या कपाळावर क्रूस काढला. दरवेळी तो मला काही ना काही चिडवून जातो. या वेळी "गाडी जपून चालव" म्हणाला आणि टॅक्सीत बसला. जहाजावरून त्याचे फोन येतात. पूर्वी आईशी बोलून झालं की वहिनीला दे म्हणायचा. आता नवऱ्याला दे म्हणतो. जानेवारी-फेब्रुवारीत तो परत येईल तोवर मला यातलं काही सरळ करता येणार नाही. आणि वाकडा शब्द मागे घ्यायची रीत आमच्याकडे कोणी घालून दिलेली नाही.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे नेऊन आणलं. कामणचा रस्ता तसाच होता, खड्डे थोडे जास्तच. पडद्यावर जाताना तेहतीस, चौतीस, तेहतीस, छत्तीस होते. सासूबाईंनी मूठ धरली नाही. दोघी बहिणी कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात हात हातात घेऊन बसल्या आणि मी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात चहा घेत होते. परत येताना त्या माझ्याशी पूर्वीसारखं बोलल्या, बहुतेक सगळं बहिणीबद्दल.

शेवटी दिलेले पैसे असे. माझ्याच जुन्या चाकांचे वालीवच्या दुकानदाराला बावीस हजार, कारण तेवढ्याला विरारच्या माणसाशी ठरलं होतं. चाके बदलणं आणि सेन्सर बसवणं, सोळाशे. एकूण तेवीस हजार सहाशे, माझ्या खात्यातून, पावती माझ्या नावाने. सप्टेंबरमध्ये दिराकडून माझ्या खात्यात तेवीस हजार सहाशे जमा झाले. हा आकडा मी त्याला कधी सांगितला नव्हता. मी ते परत पाठवले नाहीत.